दापोलीच्या एस.टी. स्टँडवरचा बदू

अल हैल, मस्कत
गुरुवार, सकाळ

तीर्थरूप प्रेमाआत्यांच्या चरणी देवेशचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो खरोखरच जमिनीवर पालथं पडून घालावा अशी माझी अवस्था आहे, पण रेवाने नुकतीच फरशी पुसली आहे, म्हणून कागदावरच घालतो.)

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवता? इकडे आम्ही सगळे ठीक. रेवाची शाळेतली नोकरी चालू आहे आणि आकांक्षा दहावीच्या अभ्यासाच्या नावाखाली दार लावून बसते. मी मात्र गेले आठ दिवस जेवणावर वासना नसलेल्या माणसासारखा वागतो आहे, असं रेवा म्हणते. (जेवतो. पण मान खाली घालून.) फोन सोडून पत्र का लिहितो आहे, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मध्ये प्रश्न विचारता, आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात कुणी प्रश्न विचारला की मी खोटं बोलतो. ही सवय तिसरीपासूनची आहे आणि तुम्हाला ती ठाऊक आहे.

तेव्हा आधी कामाचं. माझ्या प्रदर्शनाचा जो मोठा फ्लेक्स तुमच्या वाचनालयाने एस.टी. स्टँडसमोर लावला आहे, तो हे पत्र वाचून होताच उतरवून घ्या. रविवारचं उद्घाटन होऊ दे, पण सात नंबरचा फोटो, म्हणजे फ्लेक्सवरचाच तो उंटवाला म्हातारा, भिंतीवर लावू नका. त्या फोटोपायी एका सज्जन माणसाचा संसार मोडायच्या बेतात आला आहे आणि तो मी आणला आहे. कसा, ते बसून वाचा.

एकोणीस वर्षं मी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतो आहे. एकतीस देश झाले. आमचा देवेश जगभरचे सहज क्षण टिपतो, असं तुम्ही वाचनालयात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता. आत्या, त्या सहज क्षणांचं खरं आज सांगून टाकतो. लिस्बनच्या कोळ्याला मी जाळं चार वेळा फेकायला लावलं. पाचव्यांदा त्याने ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाकावर बसून माझी मजा बघत राहिला. क्योतोच्या छत्रीवाल्या आजीबाई, ज्यांच्यावर तुमच्या मंडळाने कविता केल्या, त्यांना मी पुलावरून तीनदा ये-जा करायला लावली होती. (पाऊस नव्हता. छत्री माझी होती.) पेरूमध्ये एका ल्यामाने, म्हणजे तिकडच्या लोकरी उंटाने, माझ्या लेन्सचं झाकण खाल्लं, तो मात्र अगदी सहज क्षण होता, पण मी झाकण ओढण्यात गुंतलो असल्यामुळे त्याचा फोटो नाही. मला चेहरे हवे असतात. त्या चेहऱ्यांमागची माणसं बोलायला लागली, घड्याळ बघायला लागली, की माझा मूड जातो. हे लिहिताना वाईट दिसतं आहे, पण तसंच आहे.

ओमानात आम्ही सहा वर्षं राहतो, पण पिकतं तिथे विकत नाही या न्यायाने इथे मी कॅमेरा फारसा काढला नव्हता. गेल्या वर्षी जानेवारीत एका शुक्रवारी बिदियाच्या वाळवंटात गेलो, तर एका शेताच्या कुंपणाबाहेर उंटाशेजारी एक म्हातारा बसलेला दिसला. अंगात पांढरीशुभ्र दिशदाशा, म्हणजे इकडचा पायघोळ झगा, डोक्याला लोकरी फेटा आणि चेहऱ्यावर सुरकुत्यांचा बाजार. मी मनात म्हटलं, हा अस्सल बदू, वाळवंटातला भटका अरब. खुणेने परवानगी विचारली, कारण इथे न विचारता माणसाचा फोटो काढणं हा गुन्हा आहे. त्यांनी मान हलवली. (या सगळ्या प्रकरणात तेवढी एकच गोष्ट मी रीतसर केली.) मग दोन तास मी त्यांना उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं. हातातलं घड्याळ उतरवायला लावलं. रबरी चपला लपवल्या. खिशातून मोबाईल डोकावत होता, तोही मीच काढून माझ्या गाडीत ठेवला. ते मधूनमधून सूर्याकडे बघत होते. मला ती काळाच्या पलीकडे गेलेली नजर वाटली. त्यांना दुपारच्या नमाजाला उशीर होत होता.

आणि मग मी रेवाला फोन केला. त्यांच्यासमोर तीन हात अंतरावर उभा राहून, मराठीत, मोठ्याने. आपण परदेशात मराठी बोललो की आपल्याभोवती भिंत उभी राहते, असा आपल्या लोकांचा समज असतो ना, तसा माझाही होता. मी म्हणालो, अगं, चेहरा म्हणजे नुसतं सोनं आहे, पण म्हातारा ठोंब्या आहे. दोघांत उंट जास्त हुशार दिसतो. आणखीही बोललो. दातांबद्दल बोललो. ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र तुमच्या हातात पडणार आहे आणि तुम्ही मला लहानपणी आंघोळ घातली आहे.

निघताना मी त्यांना तोडक्यामोडक्या अरबीत आणि इंग्रजीत विचारलं, ‘फॅमिली? वाइफ? बेबी?’ ते वाळूकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी हात हलवला. मी समजलो, कुणी नाही. व्हिजिटिंग कार्ड त्यांच्या हातात कोंबलं आणि घरी येऊन फोटो काळा-पांढरा केला, म्हणजे दुःख अधिक गडद दिसतं. खाली ओळी लिहिल्या: ‘एकाकी. वाळवंटातला अखेरचा बदू. वय अंदाजे नव्वद. याने आयुष्यात कॅमेरा पाहिलेला नाही. या जगात याचं कुणीही नाही, असलाच तर हा उंट.’ या ओळींसकट फोटोला युरोपातल्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, आणि पेढे तुम्ही वाटलेत.

यापुढचं तुमच्या गावात घडलं आणि तुम्हाला कळलं कसं नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं. तुम्ही हौसेने फ्लेक्स केलात. वर काळा-पांढरा म्हातारा आणि माझ्या त्या ओळी. खाली ओळीने वाचनालयाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि तुम्ही, सगळ्यांचे हात जोडलेले फोटो. आत्या, आपल्याकडे अशा फ्लेक्सचा अर्थ एकच होतो. दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातली माणसं बाजाराला आली होती. त्यांनी एस.टी.तूनच तो पाहिला, ओळखलं, आणि पुढे काय लिहिलं आहे ते न वाचताच परत फिरली. दुपारपर्यंत खतिजा परकार या बाईंच्या घरी अर्धा गाव रडायला जमला होता. नवरा मस्कतला वारला, आणि दापोलीचे लोक किती चांगले, एवढा मोठा श्रद्धांजलीचा बोर्ड लावला! बाई बिचाऱ्या फोन लावत होत्या, आणि नवरा उंटाच्या मागे वाळूत, जिथे रेंज नाही. अडीच तास त्या बाईंनी जे भोगलं असेल त्याचा विचार करून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (मघाशी जेवतो म्हणालो ते खोटं होतं. बघा, पत्रातही बोललो.)

संध्याकाळी त्या नवऱ्याने, म्हणजे जहूरभाईंनी, फोन उचलला आणि रडारड थांबली. पण तोवर त्यांच्या मुलीने, सबीहाने, स्टँडवर जाऊन फ्लेक्सचा फोटो काढून आणला होता आणि खालच्या ओळी आईला वाचून दाखवल्या होत्या. नवरा जिवंत आहे हे कळल्यावर बाईंना जेमतेम पाच मिनिटं आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, तुमचं या जगात कुणी नाही, मग अठ्ठावीस वर्षं मी कोण आहे? तिकडे कुणाला सांगत फिरता असं? आखातात दुसरा संसार मांडलेली माणसंच पहिला नाही म्हणून सांगतात, हे कोकणातल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. त्या दिवसापासून त्यांनी फोन उचललेला नाही.

दुसऱ्या दिवशी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘साहेब, मी जहूर बोलतो. तुमच्या फोटोतला. उंट नाय, दुसरा.’ इतकी स्वच्छ दापोलीची मराठी ऐकून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आकांक्षाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘बाबा, दॅट इज सो शेमफुल.’ मराठी तिची अडखळते, पण मुद्दा तिला बरोबर कळला.

मी तडक गाडी काढून बिदियाला गेलो. कुंपणाशी लुंगी आणि बनियनमधला एक माणूस चाऱ्याचे भारे उतरवत होता. त्याला मी मोडक्या अरबीत विचारलं की इथे उंटाजवळ बसणारे म्हातारे बाबा कुठे भेटतील. तो म्हणाला, ‘मीच तो. आज लुंगी हाय, म्हणून ओळखला नाय.’ ती दिशदाशा त्यांच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, ईदला दिलेली. फक्त शुक्रवारी घालतात. बाकी सहा दिवस मी त्यांच्याकडे बघितलंही नसतं, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. वय सत्तावन्न. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. सातवीपर्यंत मराठी शाळा.

मी वाळूत उभा राहून माफी मागितली. मग विचारलं की त्या दिवशी मी फोनवर जे बोललो ते सगळं समजलं होतं ना, तर मग एक शब्द का नाही बोललात? ते म्हणाले, ‘मराठीत बोललो असतो तर तुम्हालाच लाजल्यासारखं झालं असतं. पाहुणा माणूस. म्हणून गप बसलो.’ आत्या, एकतीस देशांत माझी अशी कुणी काळजी घेतली नव्हती. आणि मग त्यांनी मला खोलीत नेऊन सुक्या बांगड्यांचं कालवण आणि भात वाढला. मी रडलो. (कालवण तिखट होतं, पण त्यामुळे नाही.) कुणी नाही असं हाताने का सांगितलंत, हेही विचारलं. ते म्हणाले, माशी हाकलत होतो.

जेवण झाल्यावर त्यांनी मोबाईल दाखवला. ज्या माणसाने आयुष्यात कॅमेरा पाहिलेला नाही, त्याच्या मोबाईलमध्ये उंटांचे चार हजार फोटो आहेत, रोज एक सबीहाला पाठवतात. त्यांत एक माझाही होता. मोबाईल मी गाडीत ठेवण्याआधीच त्यांनी काढलेला. मी वाळूत पालथा, मागचा भाग आभाळाकडे, आणि उंट वळून तिकडे बघतो आहे. तो फोटो वर्षभर त्यांच्या गावात फिरतो आहे. प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या सात नंबरपेक्षा चांगला आहे.

स्पर्धेवाल्यांना कालच सगळं कळवलं आणि बक्षीस परत घ्या म्हणून लिहिलं. बाकी काही नाही. गुडघ्याला तेल लावा. वाचनालयातल्या मंडळींना नमस्कार, आणि त्यांना यातलं हवं तेवढंच सांगा.

आपला लाजलेला,
देवेश

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. जे गृहस्थ ते देऊन ओट्यावर बसले असतील, तेच जहूरभाई. आठ दिवसांची रजा काढून आले आहेत. त्यांना आत घ्या, चहा द्या. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही, त्यांच्यापासून आता काही लपवायचं नाही.

ता. क. २. खरं काम आता सांगतो, वर लिहायचा धीर झाला नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी जा. एकटे गेले तर खतिजाबाई दार उघडणार नाहीत, पण पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला कोकणात कुणी परत पाठवत नाही. त्या ओळी माझ्या भाच्याने स्वतःच्या मनाने रचल्या, तो मूर्ख आहे, एवढं त्यांना तुमच्या त्या आवाजात सांगा. मूर्खच म्हणा, कमी करू नका.

ता. क. ३. सात नंबरच्या जागी जहूरभाईंनी काढलेला माझा फोटो लावा. खाली काय लिहायचं ते सबीहाला विचारा.

(यापुढे वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात)

प्रेमाबाई, सलाम. मी जहूर. विमानात लिहितो. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. तुमच्या भाच्याने सगळं खरं लिहिलं आहे, एक सोडून. त्या दिवशी माशी नव्हती. तेव्हा माझं न् खतिजाचं भांडण झालेलं, चार दिवस तिने फोन घेतला नव्हता. साहेबांनी फॅमिली विचारलं, तेव्हा रागात मीच हात हलवला, कोण नाय म्हणून. एकट्या माणसाला राग आला की तो उंटाला पण असं सांगतो. ते दापोलीच्या स्टँडवर लागेल असं कोणाला वाटतं? खतिजाला हे सांगू नका. भाच्याला पण सांगू नका. त्याला लाज वाटते आहे, ती वाटू द्या. माणूस सुधारतो आहे.