कमांडरला दिसलेला किनारा

प्रिय किरण,

तुझी कादंबरी दोनदा वाचली. पहिल्यांदा बहीण म्हणून, दुसऱ्यांदा तुझ्याशी भांडायचं म्हणून. आधी कौतुक उरकते, नाहीतर म्हणशील ताईला चांगलं काही दिसतच नाही. हवेत तरंगणारं शहर झकास जमलंय. समुद्राखालच्या लढाईपाशी माझा गॅसवरचा भात करपला. कॉलेजात फिजिक्स शिकवते मी, तरी तुझ्या विज्ञानात कुठे चूक पकडता आली नाही. लहानपणी मी लायब्ररीतून आणलेली परग्रहांची पुस्तकं माझ्याआधी पळवायचास, त्याचं चीज केलंस.

आता भांडण. वरच्या शहराला खालचा किनारा हवा असतो. तुझा कमांडर विहान यानातून खाली बघतो आणि म्हणतो, जागा रिकामी आहे, नुसते बांबू उभे आहेत. कुठला किनारा रे हा? नाव बदललंस म्हणून खारदांडा मला ओळखू येणार नाही, असं वाटलं काय तुला? ते बांबू म्हणजे आपल्या बोंबील वाळवायच्या वलांड्या. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, मासळीच नसते, तेव्हा त्या रिकाम्याच असणार ना. मुलुंडला राहायला गेल्यापासून तू येतोस फक्त नारळी पौर्णिमेला, नारळीभात खाऊन संध्याकाळी परत. दिवाळीनंतर एकदा ये आणि तिथे पाय ठेवायला जागा मिळते का बघ. दांड्यात वाढलास आणि तुला तुझ्या कमांडरएवढंच दिसलं, याचा मला राग आहे.

बरं, विहान दुष्ट असता तर मी काही बोललेच नसते. त्याला दया येते, तो वरच्यांशी भांडतो, किनाऱ्यावरच्या माणसांसाठी झुरतो. सगळी कादंबरी आपण त्याच्याच डोक्यात बसून असतो. आणि ती म्हातारी, जिची जागा जाते? तिला साधं नाव नाही. तिच्या तोंडी एक वाक्य नाही. शेवटी ती डोळे पुसत यानात चढते आणि तिच्या डोळ्यांत म्हणे विहानला संमती दिसते. वा रे वा. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, तसं झालं. लढाई तोफांनी जिंकलीच होती, मग तिच्या मनातलंही त्यानेच ठरवून टाकलं.

आईला मी सगळं वाचून दाखवलं, दुपारी ती बाजारात मासळी विकून आली की थोडं थोडं. यानाला हसली. लढाईत मला पाणी प्यायलाही उठू देईना. म्हातारीची कोयत्याने तुटलेली करंगळी आली तेव्हा तिने स्वतःचा, तशाच तुटक्या करंगळीचा हात बघितला. तुझ्यावर रागावली नाही रे. शेवट ऐकून एवढंच म्हणाली, "हिला कोनी विचारलंच नाय का?" तूच सांग, मी तिला काय सांगायला हवं होतं?

इथवर मी कादंबरी म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या आठवड्यात बिल्डरची माणसं गावात आली. वलांड्यांच्या जागेवर त्यांना टॉवर आणि समोर बाग करायची आहे. सभा घेऊन पडद्यावर त्यांनी जागेचा फोटो लावला, ऐन जुलैमधला, रिकाम्या बांबूंचा. खाली विहानचं वाक्य, तुझ्या नावासकट: रिकामी जागा कुणाचीच नसते. सगळं गाव वळून आईकडे बघायला लागलं. वनमालाकाकी, जिने तुला कडेवर खेळवलं, ती उठून निघून गेली. मला वाटलं चोरलं असेल वाक्य. फोन केला तर तू म्हणालास, परवानगी मीच दिली, कादंबरी वेगळी आणि प्रोजेक्ट वेगळा. वेगळा कसा रे? ती जागा गेली तर तिथे मासळी वाळवून विकणाऱ्या या बायकांचा धंदा बसला. मला लाज वाटली तुझी. लिहायला त्रास होतोय, पण वाटली.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. रविवारी वांद्र्याच्या हॉलमध्ये बिल्डरच्या खर्चाने तुझ्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन आहे आणि तू शेवटचं प्रकरण वाचणार आहेस, हे आम्हाला कळलंय. आई येणार आहे. मी, वनमालाकाकी आणि बाजारातल्या सगळ्या जणी तिच्यासोबत पुढच्याच रांगेत बसणार आहोत. म्हातारी यानात चढायला लागली की आई उठून उभी राहणार आणि जागा सोडणार नाही म्हणून सांगणार. भावावर मागून वार करायला मला जमत नाही, म्हणून आधी कळवतेय. वाचन बंद करायचं, स्टेजवरून खाली उतरून तिच्या शेजारी उभं राहायचं की तिथेच थांबायचं, ते तुझं तू ठरव. पण तिला खाली बसवायला कुणाला पाठवू नकोस. ती बोलणार आहे, किरण. तू माईक दिलास तरी आणि नाही दिलास तरी.

रागावलेली, तरीही तुझीच,
समीक्षाताई