भावोजी पहाटे गेले

॥ श्री ॥

लिब्रव्हिल, गॅबन
२० ऑगस्ट २०२३

ती. बाबांस,
पुष्करचा सा. न. वि. वि.

तुमच्या हट्टापायी पुन्हा कागदावर लिहून फोटो पाठवतोय. ताई वाचून दाखवेल तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

येत्या शनिवारी इथे निवडणूक आहे. आमच्या कँटीनची सेलेस्टीन म्हणते, तिच्या शाळेच्या भिंतीवर राष्ट्राध्यक्ष म्हणून बापाचा फोटो होता, तिच्या मुलीच्या शाळेत मुलाचा आहे. पन्नासहून अधिक वर्षं एकाच घरात राज्य. देशात तेल, मँगनीज, नजर पोचणार नाही इतकं जंगल. आणि तिच्या गल्लीत नळाला पाणी नाही. सरकारने अख्खे ओंडके बाहेर पाठवायला बंदी केली, म्हणून आपल्याकडच्यांचे प्लायवूडचे कारखाने इथे आले आणि भावोजी नि मी पोटाला लागलो. पण घाम इथल्यांचा आणि मुकादम बाहेरचे, हे ती तोंडावर ऐकवते.

मागच्या निवडणुकीनंतर गोळ्या चालल्या होत्या. सगळ्यांनी तांदूळ भरून ठेवलाय. भावोजींना मात्र ताईचीच काळजी. रोज तिचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
आपला,
पुष्कर

॥ श्री ॥

वेंगुर्ले
२४ ऑगस्ट

चि. पुष्कर यास अ. उ. आ.

मितेशरावांना सांग, बायको माहेरी मजेत आहे. डॉक्टर म्हणतात, आता कधीही. तिला तवशाचं धोंडस हवंय आणि ते काकडी किसून गूळ-रव्यात भाजणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून शेजारच्या सुभद्रेला साकडं घातलंय. जन्मभर भूगोल शिकवला, पण गॅबन कधी नीट पाहिला नव्हता. आता नकाशा भिंतीवर लावलाय आणि गौरजा मला हसते.

शनिवारनंतर दोघांनीही कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला भीती वाटते, म्हणून लिहितो. बुधवारी नारळी पुनवेला तुमच्या नावाने जेटीवर नारळ सोडीन. तुझी राखी गौरजाने देवापुढे ठेवली आहे. आलास की बांधेल.

जिवाला जपा, बाकी सगळं मागाहून.
बाबा

२८ ऑगस्ट

ती. बाबा,

आमचे विश्वेश आज सुटीवर निघतायत, त्यांच्या हाती हे देतो. मुंबईला उतरून फोटो पाठवतील. शनिवारपासून इंटरनेट बंद आहे आणि सातनंतर संचारबंदी. शनिवारच्या निरोपात लिहिलं होतं, शेवटी तेच झालं. भावोजी आज पहाटे गेले. आम्ही खूप प्रयत्न केला, पण आमच्या हातात काही राहिलं नाही. सारखं ताईचंच नाव घेत होते. तिला तुम्हीच सांभाळून सांगा, या दिवसांत धसका नको. विश्वेश घाई करतायत.

पुष्कर

वेंगुर्ले
३० ऑगस्ट

चि. पुष्कर यास आशीर्वाद.

विश्वेशचा फोटो काल संध्याकाळी आला. कागदाचा कोपरा फाडलेला, वर श्री नाही, मरणाची वार्ता कळवतात तसा. पहिली ओळ वाचायच्या आधीच काय ते समजलो.

कसे गेले रे? गोळी लागली का? आणि शनिवारचा कुठला निरोप? इथे काहीच आलेलं नाही. तुझा फोन लावतो, तर एक बाई फ्रेंचमध्ये काहीतरी सांगत राहते. मी तिला मराठीत विनवतो, माझ्या मुलाला जोडून दे.

काल दिवेलागणीला अंगावर पाणी घेतलं. गौरजाने विचारलं, आत्ता कसली आंघोळ? म्हटलं, उकडतंय. आज पूजा नाही, नारळ नाही. सुभद्रेने धोंडस आणून दिलं, ते गौरजा माझ्यासमोर बसून खातेय आणि मला तिच्या गळ्याकडे बघवत नाही. शिरोड्याला मितेशरावांच्या आईला काय सांगू? विनीतावहिनींना तो एकुलता.

आत्ता टीव्हीवर दाखवतायत, निकाल लागतो न लागतो तोच सैन्याने राज्य घेतलं. लोक रस्त्यावर नाचतायत, शिपायांना मिठ्या मारतायत. नाचोत बापडे. माझ्या घरात काय झालंय ते त्यांना कुठे ठाऊक.

पत्र लिहून झालं, पण पाठवू कसं? फोटो काढून पाठवणारी तीच.

बाबा

॥ श्री ॥

वेंगुर्ले
३१ ऑगस्ट

चि. पुष्कर यास ताईचे अ. आ.

मेल्या, काल तुझ्यासाठी मी किती रडले ते तुला कधी कळायचं नाही. सोबत बाबांचं न पाठवलेलं पत्र पाठवतेय, ते आधी वाच.

दिवेलागणीला आंघोळ, सकाळी पूजा नाही, पुनवेचा नारळ कोपऱ्यात तसाच. एवढ्यावरून कुठल्याही मुलीला कळतं. बाबा माझी नजर चुकवत होते आणि फोन उशीखाली. मला वाटलं, तू गेलास. राखी देवापुढे होती, तिच्याकडे बघवेना. विचारलं तर बाबा कोसळतील, म्हणून त्यांनी पुढे केलेलं धोंडस गिळत राहिले.

दुपारी मितेशचा फोन आला, कॅमेरूनच्या सीमेजवळून. म्हणाला, पलीकडचं नेटवर्क मिळालं तर तुझी खुशाली कळेल, म्हणून लाकडाच्या ट्रकमधून निघालो. सीमा शिपायांनी बंद केली, पण राज्य बदललं आणि इंटरनेटच परत आलं. तो लोकांच्या नाचण्याचं सांगत होता. मी मधेच तोडून विचारलं, माझा भाऊ कसा गेला? त्याला काही कळेना. म्हणाला, पुष्कर खंय गेलो? निघताना माका शिव्या देत होतो तो!

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. बाबा धावत आले. त्यांना वाटलं, मला कोणीतरी सांगितलं. हात जोडून समोर उभे राहिले रे, गुन्हेगारासारखे. मी फोन त्यांच्या कानाला लावला. जावयाचा आवाज ऐकला आणि ते जमिनीवरच बसले. तेवढ्यात तुझा शनिवारचा निरोपही टुणकन आला, भावोजी सीमेवर जायचं म्हणतायत!

कोपऱ्यावर कारखान्याचा शिक्का होता, विमानतळावर विश्वेशना त्रास नको म्हणून तू फाडलास, आणि श्री त्याच्याबरोबर गेला, हे तू रात्री फोनवर सांगितलंस. बाबांनी ऐकून घेतलं, पण माफ केलेलं नाही. त्याआधी संध्याकाळी त्यांनी जेटीवर नारळ सोडला नाही, भिरकावला.

सेलेस्टीन नाचली का? तिला विचार, शाळेच्या भिंतीवर आता कोणाचा फोटो लावणार, शिपायाचा?

आणि एक ऐक. आपल्या घरात दारातून निघणारा कधी जातो म्हणत नाही. तू तिकडे राहून विसरलास. यापुढे कोणी कुठेही निघो, गेले लिहायचं नाही. येतो म्हणाले, असं लिहायचं. मितेश आज तुझ्याकडे परत निघालाय. फोन ठेवताना किती वेळा म्हणाला, येतंय हां, येतंय.

राखी देवापुढेच आहे. माया कर आणि लवकर ये.
तुझी,
गौरजाताई

ता. क. वरचा श्री मी काढला आहे. मुद्दाम मोठा. — बाबा