निमगाव विकास मंच, ग्योतोकु शाखा

ग्योतोकु, जपान
१२ जून २००६

तीर्थस्वरूप दमयंतीआत्यास,

सत्यजितचा साष्टांग नमस्कार. (इथला फ्लॅट एवढासा, की खरोखर साष्टांग घातला तर पाय गॅलरीत जातील, पण भाव पूर्ण आहे.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? आम्ही तिघं मजेत. राधिका इथल्या शाळेत चांगली रमलीय. मी मराठीत रागावतो, ती जपानीत उलट बोलते, त्यामुळे भांडण कोण जिंकलं ते कळत नाही.

आत्या, आम्ही इथे असलो तरी जीव निमगावातच असतो. म्हणून मी, कौमुदी आणि शेजारच्या इमारतीतला, आपल्याच तालुक्यातला प्रसन्न, अशा आम्हा तरुण मंडळींनी (मी अजून चाळिशीच्या आतच आहे) ‘निमगाव विकास मंच’ काढला. मुख्य कचेरी अजून कुठेच नाही, पण ग्योतोकु शाखा जोरात आहे. दर रविवारी आमच्याकडे मीटिंग असते. पहिला विषय कचरा. इथे जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या धुऊन तिसरीकडे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. हे निमगावात का होऊ नये? प्रसन्नने लाल-हिरव्या बाणांचं झकास प्रेझेंटेशन केलं आणि तुमच्या प्रतापला मेल केलं. त्याचं उत्तर आलं, ‘दादा, आधी कचऱ्याची गाडी तरी येऊ दे.’ (तळमळच नाही हो या पोरांना!)

मीटिंग म्हटली की कौमुदीची भजी आलीच. गेल्या रविवारी सगळं आवरून तेलकट प्लेटा, बाटल्या आणि त्या प्रेझेंटेशनचे कागद मी एकाच पिशवीत कोंबले आणि सोमवारी ऑफिसला जाता जाता खाली ठेवणार, तोच दारची बेल वाजली म्हणून पुन्हा वर आलो, असं सांगायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी ती ठेवून, विसरलेला डबा घ्यायला वर आलो होतो, आणि बेल वाजवणाऱ्याच्या हातात तीच पिशवी होती.

तो इशीसान. टोकियोतली चांगली नोकरी सोडून हा पोरगा आपल्या जन्मगावी परत आलाय आणि इथल्या मोहल्ला समितीचं काम करतो. पिशवी कुणाची हे त्याने आतल्या कागदांवरच्या माझ्या नावावरून ओळखलं. माझं जपानी ऑफिसपुरतं, म्हणून राधिकाला दुभाषी केलं.

“बाबा, ते म्हणतायत आज फक्त प्लास्टिकचा वार आहे. आणि हे बाण कसले, असं विचारतायत.”

“सांग, आमच्या गावात आम्ही असा कचरा वेगळा करतो.”

“करतो, की करणार आहोत?”

“सांग गं तू!”

(जपानीत ‘करतो’ आणि ‘करणार’ या दोन्हींना क्रियापदाचं एकच रूप चालतं, यात माझा काय दोष?)

इशीसानने आमच्या दारातच बसून पिशवी उपसली, राधिकाला हाताशी घेऊन सगळं वेगळं केलं. चटणीची बाटली मला धुवायला दिली. मग म्हणाला, त्याच्याच गल्लीतले निम्मे म्हातारे त्याचं ऐकत नाहीत, कधीकधी वाटतं नोकरीच बरी होती. ‘तुम्ही अख्ख्या गावाला कसं पटवलंत, ते मला शिकायचंय.’ त्याचे डोळे भरून आले होते, आत्या. मलाही गलबलून आलं. खरं सांगायचं होतं, पण माझ्या ऑफिसपुरत्या जपानीत ते बसेना, म्हणून कमरेत वाकलो. इथे वाकलं की होकार समजतात.

असो. लोभ आहेच, तो तसाच ठेवा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सत्यजित

ता.क. इशीसानने तिकीट काढलं. पुढच्या महिन्यात तो निमगाव पाहायला येतोय, उतरणार तुमच्याकडेच. मला रजा नाही. तरी प्रतापला सांगून निदान एसटी स्टँडपासून आपल्या घरापर्यंत काय ते करून घ्या.

आणखी ता.क. तेवढंही जमलं नाही तर घाबरू नका. मी त्याला पुरता ओळखतो, आल्या आल्या झाडू मागेल. द्या. प्रतापलाही त्याच्याबरोबर लावा. फोटो मात्र रस्ता स्वच्छ झाल्यावरचेच काढा आणि मेल करा. मंचाच्या पहिल्या अहवालात ‘आम्ही केलेलं काम’ या पानावर घालायचे आहेत.