नुसते ओठ हलवले

रविवार, जुलै. गुंगालिन

आज निखिलरावांना ओढत सिटीत नेलं आणि त्या चेक ऑपेरा गायिकेवरचा सिनेमा पाहिला. थिएटरात लोक रडत होते. मला मात्र एक प्रसंग पटलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रागमध्ये जर्मन अधिकाऱ्यांसमोर तिला त्यांचं राष्ट्रगीत म्हणायला लावतात, तर बाई नुसते ओठ हलवते, आवाज काढतच नाही. हे पाहिलं कोणी? शेजारी उभ्या असलेल्या जर्मनाला कळलं नाही?

परतताना ट्राममध्ये निखिलला विचारलं. म्हणाला, "अगं, तिनेच सांगितलं असेल नंतर. खोटं कशाला बोलेल?"

कशाला म्हणजे? युद्ध संपल्यावर आपल्याच माणसांत राहायचं होतं ना तिला!

म्हणे नुसते ओठ हलवले.

गेल्या महिन्यात आमची इथली, ऑस्ट्रेलियाची, सिटिझनशिप सेरेमनी झाली. फोनवर आई रडवेली होऊन म्हणाली, "त्यांचं राष्ट्रगीत म्हटलंस?" मी म्हणाले, "नाही गं, नुसते ओठ हलवले." खरं तर आठवडाभर गाडीत पाठ करत होते. दोन्ही कडवी खड्या आवाजात म्हटली, आणि छान वाटलं.

आईने ते ओठांचं आता अख्ख्या भिशीला सांगितलंय.