म्हसोबाच्या डोहाची खूण

१४ जून
दात पडला. वरचा, डावीकडचा. जीभ सारखी तिथंच जाते.

झालं असं — मुळा धरणाच्या फुगवट्यात ट्रकची ट्यूब टाकून पोहत होतो. ठेकेदाराची लाँच आली. त्यात रंगनाथ नावाचा दाढीवाला. "चोर हाय, हाना!" एवढंच ऐकलं. दांडा थेट तोंडावर! मी चोर नाही हे सांगायला तोंड उघडलं तर पाणीच आत. मला एका बाईनं केसाला धरून बाहेर ओढलं, आणि काठावर आणून तिनंही एक मुस्काटात ठेवून दिली. "मरायला दुसरं पानी न्हवतं व्हय रं तुला?"

भागूबाई. भोयांच्या मच्छीमार सोसायटीची चेअरमन. नंतर तिनंच मरळीचं कालवण वाढलं. असं कालवण मिळणार असेल तर अजून एक दात द्यायला तयार आहे.

खर्ड्याला घरी जायचा बेत होता. ऊसतोडीची टोळी मार्चमध्ये सोडली तेव्हापासून भटकतोच आहे — अकोल्याच्या जीपवर मागं लटकून गिऱ्हाईकं भरली, भंडारदऱ्याला भजी तळली. जाऊ उद्या.

१५ जून
नाही गेलो.

१९ जून
इथलं भांडण आता कळलं. धरणातले मासे धरायचा ठेका निघतो. आधी तो सोसायटीकडं होता. मग ठेकेदारानं घेतला आणि बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढून धरण खरवडून काढलं. पुढच्या वर्षी ठेका परत निघणार. गेला तर ही वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला. ते काय असतं मला विचारा!

यंदा नॉर्वेची एक संस्था आलीय. कोकणात समुद्रावर त्यांनी कोळ्यांचे जुने नियम परत बसवले, होड्या दिल्या म्हणे. आता इथं. इंग्रिड मॅडम — ही उंच, आणि उन्हानं टोमॅटो झालेली. तिचं बोलणं मराठीत सांगायला राहुरीची जया. पाच फायबरच्या होड्या आल्यात. एकीला मशीन आहे. ती चालवायला मिळाली पाहिजे.

भागूबाईचा मुलगा सहादेव रोज एकच विचारतो, "पावनं, दात कुठं ठिवला?"

२४ जून
मीटिंग. डोहावरून भांडण पेटलं.

धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावाचा म्हसोबा आहे. त्याच्या आसपास कुठंतरी पावसाळ्यात मासे अंडी घालायला जमतात. तिकडच्या एका खडकाच्या कपारीपलीकडं नारळी पौर्णिमेपर्यंत भोई जाळं टाकत नाहीत. पण नेमका डोह कुठं, ते एकाच माणसाला ठाऊक असतं. म्हातारपणी त्यानं पुढच्याला सांगायचं. सध्या भागूबाईला. सहादेवलाही माहीत नाही!

जया म्हणाली, "मॅडम म्हणतायत, नकाशावर जागा दाखवा. सरकार ती राखीव करेल, आणि ठेका सोसायटीला मिळायला मदत होईल."

भागूबाई उठली. "डोहाला खूण करायची न्हाई. खूण केली की डोह गेला."

"आये, ठेका गेला तर डोह काय चाटायचा हाय?" सहादेव म्हणाला. तिनं सगळ्यांसमोर त्याला चप्पल फेकून मारली. लागली मला.

२ जुलै
मला सांगितलं! मला!

तराफ्यावर भागूबाई आणि मी, दोघंच होतो. मी किल्ल्याच्या गोष्टी सांगत होतो — आमच्या खर्ड्याच्या — ती ऐकत नव्हती. मध्येच म्हणाली, "श्रीमंता, ती पान्याची टाकी दिसती? तिच्या टोकाखाली लिंबाचं झाड आलं, आन मागची खिंड दिसायची बंद झाली, की खाली डोह. कुनाला बोलू नगंस."

पोटच्या पोराला सोडून मला. छाती फुगली. टाकी, लिंब, खिंड. टाकी, लिंब, खिंड.

५ जुलै
मशीनची होडी चालवली. काय पळते! जया आणि मॅडम बसल्या होत्या.

टाकीखाली लिंब आलं. मी मशीन बंद केलं. खिंड दिसेना. जया म्हणाली, "इथं का थांबलास?" मी नुसता हसलो. मग सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. मॅडमनं लगेच मोबाईलवर जागा नोंदवली, माझ्या पाठीवर थाप मारली. पंजा केवढा!

जयाला शपथ घातली, माझं नाव घ्यायचं नाही.

१६ जुलै
त्या जागेभोवती बारा केशरी ड्रम बांधले. साहेब लोक, हार, नारळ, ढोल. "राखीव" असा बोर्ड. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. भागूबाई काठावर पाठ करून बसली होती. विचारलं कुणीच नाही तिला, कुणी सांगितलं म्हणून. तिनंही कुणाला विचारलं नाही.

२५ जुलै
जिलेटीनच्या कांड्या.

सकाळी धडाम्! खिडकीच्या काचा थरथरल्या. धावलो. ड्रमच्या आत पाणी पांढरं — उलट्या माशांनी. डोळे बाहेर आलेले. एक भलामोठा कटला तोंड उघडझाप करत होता, त्याच्यावर लाँच घालून ठेकेदाराची माणसं जाळ्यानं मासे गोळा करत होती. रंगनाथ हात हलवून ओरडला, "वाटा ठिवलाय रं तुमाला!"

भागूबाईनं छाती बडवून घेतली. असा हंबरडा मी कधी ऐकला नव्हता. बाकीच्या बायका रडायच्या थांबल्या, तिच्याकडं बघत राहिल्या.



२६ जुलै
वस्तीतल्या रंगुबाईनं जयाला थोबाडलं. मॅडमच्या गाडीची काच दगडानं फोडली. "कुनी दावली जागा? नाव सांग!" जयाच्या ओठातून रक्त. तिनं नाव घेतलं नाही. मी गर्दीत होतो. मीही ओरडत होतो — नाव सांग!

२८ जुलै
सहादेवनं पाळ्या लावल्या. दोन-दोन होड्या, ड्रमपाशी. कोयते, वल्ही. भागूबाई म्हणाली, "जा. राखा." तेवढंच.

सहादेवची बायको मोनिका रोज भाकरी बांधून देते. ठेच्यात मीठ जास्त असतं. सांगितलं नाही.

३१ जुलै
 

सकाळी सहाला धुक्यातून लाँच आली. चौघं. रंगनाथनं बिडीवर जिलेटीनची कांडी पेटवली. सहादेवनं आमची होडी सरळ तिच्यावर घातली, उडी मारली आणि पेटलेली कांडी त्याच्या हातातून हिसकावली. लांब फेकायची होती. हात मागं नेला —

मनगटाच्या पुढं काही राहिलं नाही. माझ्या शर्टावर जे उडालं ते मी हातानं पुसलं, तेव्हा कळलं काय आहे.

रंगनाथ पाण्यात पडला. त्याला काठावर ओढला आणि वल्ह्यांनी, लाथांनी, दगडांनी... मीही. सात-आठ तरी घातले. दांडा बरगडीवर बसला की आवाज येतो, ओला फाटा मोडल्यासारखा. मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहितो.

त्याचा जबडा वाकडा झाला होता. तरी हसला. "झेंडं तुमीच लावलं की रं! ड्रम नसतं तर आमाला सात जलमात गावलं असतं व्हय?"

सगळे थांबले. मी पुन्हा मारला. तो बोलू नये म्हणून.

१ ऑगस्ट
पोलीस. ठेकेदाराच्या माणसांना बेड्या. वस्तीतले सहाजण नेले. माझं पूर्ण नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून सुटलो. रंगनाथ आयसीयूत.

ठेकेदाराचं नाव ठेक्यातून कायमचं बाद, असं जयानं फोनवर सांगितलं.  मी सॉरी म्हणेपर्यंत फोन कट.

४ ऑगस्ट
डबा घेऊन नगरच्या दवाखान्यात. सहादेवच्या हाताला पांढरा गोळा बांधलेला. झोपेतून उठला की त्याच हातानं डोकं खाजवायला जातो.

मला बघून दाताचं विचारलं नाही. विचारलं, "डोहात काय उरलं का रं?"

बस चुकली. स्टँडवर एका माणसाचं माकड बघत तासभर उभा राहिलो. कशाला, कोण जाणे.

६ ऑगस्ट
भागूबाईच्या पायावर डोकं ठेवलं. मावशी, मीच दाखवली जागा. उद्या सहादेवला सांगतो, मग त्यानं मला मारलं तरी चालेल.

वाटलं, कोयता उचलेल. ती जाळं विणत होती. गाठ पुरी केली. म्हणाली, "त्याला काय बोलू नगंस. पुनवेला ये. एकटा."

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
तांबडं फुटताना तिनं मला तराफ्यावर घेतलं. ड्रम मागं पडले. पार मागं, दिसेनासे झाले. एका जागी तिनं वल्हं थांबवलं, नारळ सोडला आणि माझा हात धरून पाण्यात घातला. मासेच मासे! बोटांच्या मधून, मनगटावरून, पोटं अंड्यांनी टम्म.

"ह्यो डोह," म्हणाली. "तुझ्या तोंडात काय ऱ्हात न्हाई, ते मला ठाऊक हुतं. म्हनून तुला दुसरीच जागा सांगितली."

सहादेवला सांगितलंस का, मी विचारलं.

"न्हाई. जागा खोटी हाय म्हनल्यावर त्यानं हात घातला असता का?"

एक वाजता डबा घेऊन निघायचंय. पोहोचलो की सहादेव तेच विचारणार, डोहात काय उरलं का. काही उरलं नाही म्हणून सांग, असं तिनं बजावलंय.