राखाडी रंगातले देश

बाबा, काल मला श्रीलंका मिळाली. तुम्ही हसाल. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये सकाळचा चहा निवायच्या आत तुम्ही श्रीलंकेशी बोलून मोकळे व्हायचात आणि आईला सांगायचात, "त्यात का हाय, ते तं आपल्या आंगनात हाय." चाळिशी उलटून गेल्यावर ते अंगण मला पहिल्यांदा मिळालं, आणि तेही तुम्हाला पुसून टाकल्यावर.

मी आता मुलचेऱ्याला असते, आई माझ्याजवळ. छतावरून कडुलिंबापर्यंत अँटेनाची तार ओढली आहे. शेजारच्या बंगाली काकूंना ती कपडे वाळत घालायचीच वाटते. हौशी रेडिओवर आता तासन् तास हेडफोन कानाला लावून बसावं लागत नाही. रेडिओ कॉम्प्युटरला जोडलेला असतो, ऐकू आलेली कॉलसाइनं, म्हणजे ज्याची त्याची हवेतली नावं, पडद्यावर एकाखाली एक उतरतात, आणि सोबत चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर आपल्या लॉगमध्ये, म्हणजे कोणाशी बोलून झालं त्या नोंदीत, डोकावून प्रत्येकाला आपोआप रंग लावतं. ज्या देशाशी कधीच बोललो नाही तो लाल. देश जुना, तर माणूस नवा असला तरी राखाडी. तुम्हीही भिंतीवरच्या नकाशात मिळालेला देश लाल पेन्सिलीने रंगवायचात. मी त्या पेन्सिलीला हात लावला की तिच्याच मागच्या टोकाने बोटांवर मारायचात. हे सॉफ्टवेअर मारत नाही. एवढ्यासाठीही मला ते आवडतं.

तुम्ही मला मोर्स शिकवलंत ते स्वयंपाकघरात. ताट समोर आहे, वरण-भाताची वाफ निघते आहे, आणि तुम्ही चमच्याने माझ्या ताटाच्या कडेवर वाजवता आहात. टोचलं की टिंब, घासलं की रेघ. "का म्हनून राह्यलो मी? सांग. नाई तं ऊठ ताटावरून." आई म्हणते, "अजी, जेवू द्या ना पोरीले." तुम्ही तिच्याकडे न बघता तोच शब्द पुन्हा वाजवता, पहिल्यापेक्षा जलद. मी चुकते. तुम्ही माझं ताट उचलून ओट्यावर ठेवता आणि स्वतः शांतपणे जेवता. तुम्ही चिडून असं केलं असतं तर मी कधीच विसरले असते. तुम्ही भात सावकाश कालवायचात, ते विसरता येत नाही.

लायसन्सची परीक्षा मी पास झाले तेव्हा वाटलं, आता तुम्ही मला मोजाल. संध्याकाळच्या गप्पांना तुमचे रेडिओवरचे मित्र, माझे सगळे काका, हवेत होते. तुम्ही माइक घेऊन म्हणालात, "भाऊ, पोट्टी पास झाली. घोकून. आता मजा ऐका." मग तुम्ही मोर्सची कळ दाबत मला प्रश्न विचारलात आणि कळ माझ्यापुढे सरकवलीत. मी एकेक अक्षर ओळखलं होतं. भूक लागली का, एवढंच तुम्ही विचारलं होतं. पण हात उचललाच नाही. तुम्ही वाट बघितलीत, सगळ्यांना ती शांतता पुरेशी ऐकू येईपर्यंत. "ऐकलं ना भाऊ? इतकंच येते तिले." एकेक काका हसला. धानोऱ्याचे काका, वनखात्याच्या वायरलेसवर नोकरी केलेले, तेवढे एकटे हसले नाहीत. मी लायसन्स कपाटात टाकलं, ते तुम्ही गेल्यावरही कितीतरी वर्षं तसंच पडून होतं.

मुलचेऱ्याला आल्यावर नव्याने सुरुवात केली तेव्हा आई म्हणाली, "त्याईचे लोकं बी टाक त्याच्यात. त्याईची मेहनत वाया जाईन." तिच्यासाठी मी तुमच्या सगळ्या जुन्या नोंदी टाइप करून माझ्या लॉगमध्ये मिसळल्या. आणि पडदा राखाडी झाला. जपान राखाडी, ब्राझील राखाडी, समुद्रातली कुठलीशी बेटं, तीही राखाडी. कोणीही ऐकू आलं तरी सॉफ्टवेअर सांगायचं, याच्या देशाशी झालं आहे. वाटलं माझंच काही बिघडलं. मी धानोऱ्याच्या काकांना फोन केला.

ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "काऊन मिसळवलं व पोरी? ज्याचं कॉलसाइन, त्याचं बोलनं. मेलेल्याचे देश वारशात येत नाई."

"आई म्हणाली, त्यांची मेहनत वाया जाईल."

"अन् तुयी?"

काल मी तुमच्या नोंदी वेगळ्या काढल्या. सॉफ्टवेअरने माझा लॉग पुन्हा वाचला आणि क्षणात पडदा लाल झाला. माझ्या नावावर अगदी श्रीलंकाही नव्हती. आई दारातून बघत होती.

"त्याईले काहाडून टाकलं का व?"

"हो."

"मंग आता दिसते का काई?"

"सगळंच दिसते आई."

ती जवळ येऊन पडद्यावर वाकली. श्रीलंकेच्या एका माणसाने माझ्या हाकेला उत्तर दिलं, आणि त्याची लाल ओळ डोळ्यांदेखत राखाडी झाली. हा राखाडी माझा होता. आईने ताट आणून रेडिओशेजारी ठेवलं. "जेव. इथी कोनी काई विचारत नाई."

जेवून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या कॉलसाइनला वेगळा रंग देता येतो. कधी गोंगाटातून चुकीची अक्षरं जुळतात आणि जगात नसलेल्या माणसाचं कॉलसाइनही पडद्यावर उमटतं. तसे तुम्ही उमटलात तर काळ्या पडद्यावर काळ्या अक्षरात उमटाल, अशी सोय मी केली आहे. मला दिसू नये म्हणून. हे तुम्हाला कळावं असं वाटलं, आणि कळवायला कोणी नाही हे बरंच आहे.

सॉफ्टवेअरच्या त्याच खिडकीत, रंगाच्या खाली, ते कॉलसाइन ऐकू आल्यावर घंटा वाजवायची का, असं विचारलेलं असतं. तिथे मी हो ठेवलं आहे.