कच्चा आवाज

दहिसर (पूर्व)
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय श्रुतिका,

तुला आणि शेवंतीमावशींना नमस्कार. दोघी खुशाल असाल असं धरून चालते. आम्ही बरे आहोत. अस्मिता सहामाहीत गणितात जेमतेम पास झाली आणि पेढे मागत होती. बिल्डिंगची लिफ्ट अजून बंदच आहे, चार मजले चढून माझे गुडघे कुरकुरायला लागलेत. सुबोधचा घसा बसला होता, आता ठीक आहे.

पत्र बघून हसशील. म्हणशील, ताईला फोन करायला काय झालं? फोन मुद्दाम केला नाही. आपण आवाजावर जगणारी माणसं. फोनवर मी दोन मिनिटांत गळा दाटून आणला असता आणि तू म्हणाली असतीस, "जाऊ दे ना ताई." कागदावर ती सोय नाही.

आपण मराठीत डब करतो ती मालिका जोरात चालू आहे. तू सोडलीस तेव्हा इव्हान आणि मार्टा परक्या देशात लाँड्री चालवत होते ना, आता ती लाँड्री जळाली. दोन हेर, खात्याने नवराबायको म्हणून पाठवलेले, आणि होता होता खरोखरचे नवराबायको झालेले. आता त्यांना प्रश्न पडलाय की आपण खात्याचे की एकमेकांचे. मी मात्र संवाद लिहिताना अडते ती साध्याच वाक्यांवर. माणूस मारण्याचं वाक्य झटकन जमतं. "चहा घेतोस का?" हे त्या गोऱ्या बाईच्या ओठांत बसवायला अर्धा दिवस जातो.

तू सोडलीस, असं वर लिहिलं. ते तसंच राहू दे, पुढे येतेच त्यावर.

तुला स्टुडिओत मीच आणलं, हे मी चारचौघांत किती वेळा बोलून दाखवलंय! वेसाव्याच्या गणपतीत तू निवेदन करत होतीस. गर्दीत उभं राहून ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तुला अंधेरीला हितेशभाईंपुढे उभं केलं. बालवाडी सांभाळून तू फक्त शनिवारी यायचीस. घरी सराव करायचीस आणि प्रत्येक भागातले मार्टाचे संवाद मला मोबाइलवर बोलून पाठवायचीस. "ताई, नीट आलंय का गं? खरं सांग हां." मी चुका काढायचे, तू परत बोलून पाठवायचीस. मला स्वतःची कोण ऐट वाटायची.

मग दुसऱ्या पर्वातला तो प्रसंग आला. मार्टा एका माणसाला संपवून पहाटे घरी येते. इव्हान काही विचारत नाही. म्हणतो, "हात धुऊन घे. जेवलीस का?" बस, एवढंच. वाक्य माझंच, मीच लिहिलेलं. पण दोघांचे आवाज जोडून झाल्यावर मी ते ऐकलं आणि मागे नेऊन परत ऐकलं. "जेवलीस का?" नंतर सुबोधने इव्हानच्या तोंडी एक छोटासा "हं" घातला होता. कागदावर नव्हता तो. लग्नाआधी मी मुलुंडला राहायचे, तेव्हा फोन ठेवताना तो असा "हं" करायचा. अकरा वर्षांत मी तो परत ऐकला नव्हता. घरी म्हणतो, "वाढ गं, उशीर होतोय." आणि इकडे तुझ्यासाठी "हं"?

जळले मी. साधंसुधं नाही, तळहातावर निखारा ठेवल्यासारखी. प्रत्येक भाग परत परत ऐकायचे. तो कुठे थांबतो, कुठे हळू बोलतो, कुठे हसतो. डबिंगला माणसं एकेकटीच येतात, काचेच्या खोलीत एकच खुर्ची असते, हे मला काय माहीत नव्हतं? पण कानाला हेडफोन असतो आणि त्यात समोरच्याचा आवाज असतो. म्हणजे तो तुझा आवाज कानात घेऊन असं बोलतो, हे मी धरूनच चालले. माणसं खोलीत भेटली तर एक वेळ पकडता येतात. कानात भेटली तर काय करायचं?

त्यातच तो डबा. मावशींच्या हातच्या सुकटीच्या चटणीचा. दर बुधवारी तो सुबोधच्या पिशवीत रिकामा निघायचा, आणि तोही घासून! आमच्याकडे स्वतःचं ताट न उचलणारा माणूस तुझा डबा घासतो, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कावीळ झाली की जग पिवळं दिसतं म्हणतात, मला तर स्टीलचा डबाही पिवळा दिसला.

मार्टा शेजारणीची खबर खात्याला देते, तो भाग आठवतो? शेजारीण इव्हानशी जरा जास्त हसून बोलते, एवढाच तिचा गुन्हा. एक फोन, आणि शेजारीण गायब. तो बोलून झाल्यावर तू मला म्हणालीस, "ताई, ही मार्टा कसली नीच आहे यार! मैत्रिणीला कोण असं करतं?"

मी म्हटलं, "घर राखायचं तर करावं लागतं."

तू हसलीस. मी नव्हते हसले.

आता लिहिते. त्या पर्वाच्या शेवटच्या भागाचा सराव तू मला पाठवला होतास. मला, एकटीला. पर्वाचा शेवट बाहेर फुटला तर वाहिनी स्टुडिओचं कामच काढून घेईल, हे सगळ्यांना माहीत होतं. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी मी तो सराव हितेशभाईंना मोबाइलवर ऐकवला. म्हटलं, "कुठून तरी फिरत माझ्याकडे आलाय. आणखी कुणाकुणाकडे गेलाय देव जाणे." ते घाबरले. कुठून आला ते त्यांनी विचारलं नाही. आवाज तुझा होता, तेवढं त्यांना पुरलं. संध्याकाळपर्यंत तुझं नाव काढलं.

त्या रात्री तू रडत फोन केलास. "ताई, मी फक्त तुलाच पाठवते गं! तू सांग ना त्यांना!" मी "बघते" म्हटलं आणि पोळ्या लाटत राहिले. पुढच्या आठवड्यात तुझे दोन फोन आले, मग बंद झाले. तुला कळलं होतं की काय, हे मला आजही माहीत नाही. कळूनही मला तोंडावर बोलली नसशील, तर ते त्याहून वाईट.

तुझ्या जागी कोण, हा प्रश्न आलाच नाही. हितेशभाई म्हणाले, "माधुरीबेन, लाइनें आपको मालूम, आप ही कर डालो." मी केलं. लाज वाटली नाही, खोटं कशाला सांगू? पहिल्या दिवशी काचेच्या खोलीत तुझ्या खुर्चीवर बसले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

डिसेंबरात एक दिवस हेडफोनमध्ये सुबोधचा आवाज आला आणि त्यात परत तो "हं". माझं वाक्य त्यानंतर असं चपखल बसलं की मी बाहेर कृणालला म्हटलं, "बघ, माझ्याशी जमतंय की नाही त्याचं? श्रुतिकाची सवय लागली होती त्याला."

कृणालने रेकॉर्डिंगच्या बटणांवरचा हात काढला. म्हणाला, "ताई, श्रुतिकाचा आवाज त्याला कधी लावलाच नाही. ती शनिवारी यायची ना, सुबोधदादाचं काम बुधवारीच व्हायचं. त्याला मी तुमचाच कच्चा आवाज लावून द्यायचो. पहिल्या भागापासून."

कच्चा आवाज म्हणजे काय, तुला माहीत आहे. संवाद लिहून झाले की ते मार्टाच्या ओठांत बसतात की नाही हे बघायला मी ते स्वयंपाकघरात उभ्याने बोलून कृणालला पाठवायचे. कुकरच्या शिट्ट्या असायच्या त्यात. काम झालं की तो पुसून टाकत असेल, असं मला वाटायचं. सुबोध दोन वर्षं त्या शिट्ट्यांतल्या बाईला "जेवलीस का?" विचारत होता. आणि मी त्या बाईवर जळत होते, श्रुतिका. तुझं नाव तिला मी दिलं.

तीन आठवडे मी हे गिळून बसले. गेल्या रविवारी सुबोधला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. डब्याचं मीच विचारलं, तर म्हणाला, "मावशी तुझ्यासाठी द्यायच्या, श्रुतिका तो शनिवारी स्टुडिओत ठेवून जायची. मी स्टुडिओच्या जिन्यात बसून खाऊन टाकायचो. तुला वास नको यायला म्हणून घासून आणायचो." एवढं साधं चोरटेपण. मग विचारलं, "श्रुतिकाला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग माझ्याशी काय बोलतेस?" म्हणाला आणि उठून गेला.

म्हणून हे पत्र. काल हितेशभाईंपुढे तोच मोबाइल ठेवून सगळं खरं सांगून आले. तुझ्या नावाला लागलेला डाग माझा आहे, असं लिहूनही दिलं. ते माझ्याकडून संवादाचं कामही काढून घेतील बहुतेक, घेऊ देत. तुला ते फोन करतील. जायचं की नाही ते तू ठरव. मावशींना काय सांगायचं तेही तूच ठरव. त्यांनी शिव्या दिल्या तर त्या माझ्याच आहेत. क्षमा मी मागत नाही, कारण मागितली की तू देशील आणि मी सुटेन.

एकच गोष्ट उरली. ती तुला सांगण्यासारखी नाही, पण तुझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही. या बुधवारी सुबोध स्टुडिओत गेला आणि कृणालला म्हणाला, "आजपासून माधुरीचा आवाज नको. मूळ बाईचाच लाव." पडद्यावरच्या त्या परक्या बाईचा. तिची भाषा त्याला कळत नाही, मलाही कळत नाही. तिचा आवाज कानात घेऊन तो आता बोलतो, आणि बरं बोलतो म्हणे.

आणि मला तिचा हेवा वाटतो.

तुझ्या खुर्चीवरून उठलेली,
माधुरी